साथीचे दिवस आणि विद्यार्थ्यांचें लेखन

सन १९१८ मध्यें इन्फ्लुएंझाची जी साथ आली, तिला आपल्याकडील लोक 'मानमोडी' म्हणत. जून महिन्यांत ती मुंबईंत दिसूं लागली आणि पावसाळा सरतांना देशभर पसरली. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें तिला बळी पडलीं. सरकारी अहवालांत मृतांचे आंकडे सांपडतात. परंतु शाळेंत जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरीं त्या दिवसांत चूल कोणीं पेटविली, आजाऱ्याच्या उशाशीं कोण बसलें, खेळगडी नाहींसा झाल्यावर त्या मुलानें काय केलें, हें मुलांच्या हातचें लिहिलेलें क्वचितच हातीं लागतें.

पुढें सन २०२० मध्यें करोनाची साथ आली. २५ मार्चपासून सारा देश घरांत बसला. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हावयाचा होता, तो झालाच नाहीं. आणि २०२१ मध्यें तर दहावीची परीक्षाच रद्द झाली. वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरूं लागले. त्या काळांत अनेक शाळांनीं मुलांकडून निबंध, कविता व चित्रें मागविलीं. पुष्कळांनीं कांटेरी गोळ्याचें चित्र काढून त्याखालीं 'घरीं राहा, सुरक्षित राहा' असें लिहिलें. निबंधाचा मथळा बहुधा 'करोना : शाप कीं वरदान' असा असे.

माझें मत असें कीं, अशा लेखनास सर्जनशील म्हणतां येत नाहीं. मग अक्षर कितीही वळणदार असो. शाप कीं वरदान हें ठरविणें न्यायाधीशाचें काम आहे. मूल हें साक्षीदार होय. त्यानें पाहिलें तेवढें सांगावें.

सन १६६५ मध्यें लंडन शहरांत प्लेग माजला असतां सॅम्युएल पीप्स नांवाचा एक सरकारी अधिकारी रोजनिशी लिहीत असे. मृतांचे आंकडे दर आठवड्यास प्रसिद्ध होत आणि तो ते टिपून ठेवी. परंतु वाचकाच्या मनांत राहतें तें निराळेंच. त्यानें केसांचा एक नवा टोप विकत घेतला होता. तो डोक्यावर चढविण्यास तो बरेच दिवस धजेना. टोपाचे केस प्लेगनें मेलेल्या माणसाचे तर नसतील ना, अशी शंका त्याला छळीत होती. एवढ्या एका गोष्टीवरून त्या शहराची भीति आपणांस कळते.

आपल्या घरांतही अशा गोष्टी घडल्या आहेत. बाहेरून आणलेली भाजी मिठाच्या पाण्यांत बुडवून ठेवीत. घरांत मोबाइल एक आणि शिकणारीं भावंडें तीन. मग आज कोणाचा वर्ग चुकावयाचा, हें आईला ठरवावें लागे. वडिलांचें दुकान बंद, पण भाडें चालूच. आजीच्या अंत्यविधीस घरच्यांनाही जातां आलें नाहीं. ज्याच्या घरीं मोबाइल मुळींच नव्हता, त्याचें तें कोरें वर्षही एक साक्षच आहे.

कोणी पालक विचारतील कीं, जुनें दुःख उकरून काढावें कशाला? घरची अडचण शाळेंत कां सांगावी? हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच असें लेखन सक्तीचें नसावें, मुलाच्या इच्छेविरुद्ध तें वर्गांत वाचूं नये, आणि त्यास गुण तर मुळींच देऊं नयेत. आजीच्या आठवणीस दहांपैकीं किती गुण द्यावयाचे?

विद्यार्थिमित्रांनो, त्या वेळीं तुम्ही प्राथमिक वर्गांत होतां. ती आठवण आतां पुसट होत चालली आहे. म्हणून या सुटींत एक साधी वही घ्या. आईवडिलांजवळ बसून त्यांना विचारा. तुम्हांस आठवतें तें आणि त्यांनीं सांगितलें तें वेगवेगळें लिहा. ठिकाण आणि साल घालण्यास विसरूं नका. अलंकार नसले तरी चालतील. वही घरींच जपून ठेवा. तिची खरी गरज ज्याला पडेल, तो कदाचित् अजून जन्मासही आला नसेल.