नागरिकत्व की वतनदारी?

‘वतन’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ मायभूमीचा. दुसरा अर्थ महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांनी शतकानुशतके भोगलेला: बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे चालत जाणारा हक्क. त्या हक्काला श्रमाची अट नव्हती, लायकीची नव्हती, गावात राहण्याचीही नव्हती. पूर्वजाच्या नावाची सनद दाखविली की काम भागत असे. फलटणसारख्या संस्थानी मुलखाला ही व्यवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९४८ साली नाईक-निंबाळकरांचे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि राज्यघटनेने कालच्या रयतेला नागरिक केले. १९५८ च्या कायद्याने गावकीची कनिष्ठ वतने गेली, १९७१ साली संस्थानिकांचे तनखे आणि विशेषाधिकार गेले. जन्माने मिळणाऱ्या हक्कांचे युग संपले, असे त्या वेळी अनेकांना वाटले.

ते संपलेले नाही. आज ते पारपत्राच्या रूपाने परत आले आहे. आजोबांच्या जन्मनोंदीवर परक्या देशाचे नागरिकत्व मिळवावयाचे आणि शक्य झाल्यास दोन-दोन, तीन-तीन देशांची पारपत्रे एकाच खिशात बाळगावयाची, ही जगातील सुस्थितांची नवी रीत झाली आहे. इटलीच्या कायद्यात पिढ्यांना मर्यादाच नव्हती. अर्जेंटिना-ब्राझीलमधील ज्यांनी इटलीची भूमी कधी पाहिली नाही असे पणतू-खापरपणतूही तेथील नागरिक ठरत होते. अखेर २०२५ साली इटलीने कायदा बदलून हा हक्क सर्वसाधारणपणे आईवडील आणि आजीआजोबा यांच्यापुरता आखडता घेतला. ज्यांच्यापाशी असा आजोबा नाही त्यांच्यासाठी बाजार खुला आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या सुमारे १३ हजार कोटी रुपयांच्या घोटाळ्यातील आरोपी मेहुल चोकसी याने २०१७ साली अँटिग्वा आणि बार्बुडाचे नागरिकत्व घेतले आणि पुढच्याच जानेवारीत तो देशाबाहेर गेला. बेटांवरची ती दोन नावेही ज्याने पूर्वी ऐकली नसतील, त्या ठेवीदाराच्या पैशाचा हिशेब मात्र येथेच राहिला.

या प्रश्नाचा मराठी मुलखातील सर्वांत मोठा दाखला गोव्याचा आहे. ४५१ वर्षांची पोर्तुगीज राजवट १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात ज्या लढ्याची ठिणगी टाकली, आणि ज्यात १९५५ साली सेनापती बापट, नानासाहेब गोरे, मधु लिमये सत्याग्रही म्हणून उतरले, त्या लढ्याचा तो शेवट होता. त्या सत्याग्रहाबद्दल मधु लिमये यांना पोर्तुगीज न्यायासनाने १२ वर्षांची शिक्षा ठोठावली होती. भारत सरकारने १९६२ च्या आदेशाने गोवेकरांना भारतीय नागरिक ठरविले. पोर्तुगालने मात्र आपल्या कायद्यात एक दार उघडे ठेवले. त्या तारखेपूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेली व्यक्ती, तिची मुले आणि नातवंडे लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिक होऊ शकतात. ज्या सत्तेला हाकलण्यासाठी माणसे गोळ्यांना सामोरी गेली, त्याच सत्तेच्या दप्तरातील जुनी नोंद आज युरोपीय संघाच्या २७ देशांत राहण्या-कमावण्याचा परवाना झाली आहे. ब्रिटन संघात होते तोवर हजारो गोवेकर या वाटेने साऊथॉल आणि स्विंडन येथे पोहोचले व तेथील गोदामांत, कारखान्यांत राबले.

येथे कार्यकर्त्यांनी एका सोप्या मोहापासून सावध राहिले पाहिजे. स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी करणाऱ्या गोवेकर मजुराला देशद्रोही म्हणणे फार सोपे आहे आणि तितकेच खोटे आहे. गोव्यात खाणी आल्या, पंचतारांकित हॉटेले आली, किनाऱ्यावरील जमिनींचे भाव गगनाला भिडले. परंतु तेथल्या तरुणाला प्रतिष्ठेने जगता येईल असे काम पुरेसे आले नाही. तो पोट भरण्यासाठी गेला. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. राज्यघटनेचे कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९, दोन्ही एकच गोष्ट सांगतात: जो स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतो तो भारताचा नागरिक राहत नाही. म्हणजे हा मजूर त्या नोकरीसाठी मत देण्याचा अधिकार गमावून बसतो. त्याच्यावर तोंडसुख घेणारे पुढारी त्याला गावात काम का मिळाले नाही, याचे उत्तर देत नाहीत. दोष त्या मजुराचा नाही. माणसाचे जगणे त्याच्या श्रमावर न ठरविता आजोबाच्या जन्मस्थळावर ठरविणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे. त्याच गावातील ज्या शेजाऱ्याचा आजोबा सावंतवाडीहून १९६२ साली आला, त्याला ही वाट नाही. भूक दोघांची एकच. वतन मात्र एकालाच.

आता गोव्याकडून फलटणकडे यावे.

फलटण तालुक्यात नीरेच्या उजव्या कालव्याच्या कडेने ऊस उभा आहे, साखरवाडीसारखी साखरेच्या नावानेच ओळखली जाणारी गावे आहेत, आणि त्याच तालुक्यात कैकाडी, वडार, पारधी यांची पालेही आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांतील कित्येकांची ही वंशावळ आहे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु या माणसाने मुलाच्या शाळेसाठी, वसतिगृहासाठी, नोकरीसाठी जातीचा दाखला मागितला की त्याच्यापुढे एक तारीख उभी केली जाते. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी ती तारीख आहे २१ नोव्हेंबर १९६१. त्या दिवशी आपला बाप किंवा आजा महाराष्ट्रात राहत होता, याचा पुरावा त्याने आणावयाचा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा लागू आहेत.

या दोन तारखा शेजारी ठेवाव्यात: २१ नोव्हेंबर १९६१ आणि १९ डिसेंबर १९६१. एकाच हिवाळ्यातल्या, अवघ्या २८ दिवसांच्या अंतराने. एका तारखेआधीचा आजोबाचा कागद हाती असला तर लिस्बनपासून बर्लिनपर्यंतची दारे उघडतात. दुसऱ्या तारखेआधीचा आजोबाचा कागद हाती नसला तर स्वतःच्या तालुक्याच्या कचेरीचे दारही उघडत नाही. पोर्तुगीज साम्राज्याने आपल्या प्रजेच्या नोंदी चर्चमध्ये आणि नोंदणी कचेरीत जपून ठेवल्या. ज्या माणसाला गावाने गावकुसाबाहेर ठेवले, पोलिसाने गावोगाव हाकलले, शाळेने पटावर घेतले नाही, त्याच्या आजोबाची नोंद कोणी ठेवली? असलीच तर ती पोलीस ठाण्याच्या हजेरीपटात. आणि आज सरकार त्यालाच विचारते, तुझा कागद कोठे आहे?

जातीचा दाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे, असा आक्षेप कायदेपंडित घेतील. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु दोहोंमागील तत्त्व एकच आहे: समोर उभ्या असलेल्या, राबणाऱ्या माणसापेक्षा त्याच्या मेलेल्या पूर्वजाचा कागद अधिक खरा मानावयाचा. या तत्त्वाची मजल कोठवर जाते हे आसामने दाखविले आहे. तेथे प्रत्येक रहिवाशाला १९५१ ची नोंदवही किंवा २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपूर्वीचा कागद दाखवून, त्यातील पूर्वजाशी आपले नाते सिद्ध करावे लागले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या यादीतून १९,०६,६५७ माणसे वगळली गेली. पुरात ज्यांची घरे वाहून जातात, लग्नानंतर ज्या स्त्रियांची नावे बदलतात, त्यांनाच ही परीक्षा सर्वांत कठीण गेली.

हे अपघाताने घडलेले नाही. भारतीय कायदा मातीकडून रक्ताकडे टप्प्याटप्प्याने सरकत गेला आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत नागरिकत्वावर वाद झाला, तेव्हा विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी जो अन्य देशाचा नागरिक नाही असा प्रत्येक हिंदू वा शीख, तो कोठेही राहत असो, भारताचा नागरिक मानावा, अशी सूचना मांडली होती. घटना समितीने ती स्वीकारली नाही. अधिवास, या भूमीवरील जन्म आणि येथील वास्तव्य यांवर नागरिकत्व उभे राहिले. १९५५ च्या कायद्यानेही २६ जानेवारी १९५० नंतर येथे जन्मलेल्यास, परकीय वकिलांची मुले यांसारखे अपवाद वगळता, नागरिक मानले. मग १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप नागरिक असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, अथवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आली. आणि २०१९ च्या दुरुस्तीने, १९४९ साली घटना समितीने बाहेर ठेवलेली धर्माची कसोटी, निर्वासितांच्या निमित्ताने का होईना, कायद्यात आणून बसविली.

नेमक्या त्याच काळात दुसऱ्या टोकाला कोणते दार उघडले गेले, तेही पाहण्यासारखे आहे. ज्या २००३ च्या दुरुस्तीने या मातीत जन्मलेल्या बालकाच्या वाटेत अट घातली, त्याच दुरुस्तीने परदेशी पारपत्र बाळगणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसासाठी ‘ओसीआय’ ही योजना आणली. आज भारतीय नागरिकाच्या परदेशी पणतूलाही हे ओळखपत्र मिळू शकते आणि त्यासोबत आजन्म प्रवेशाची मुभा मिळते. त्याला मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, हे खरे. परंतु शहरातील सदनिका, व्यापार, गुंतवणूक या बाबतींत त्याला बहुतांशी मोकळीक आहे. एका बाजूला वीटभट्टीवर जन्मलेले मूल. त्याच्या आईबापांना कागद जुळत नाहीत. दुसऱ्या बाजूला न्यू जर्सीत जन्मलेला पणतू. त्याचा कागद मात्र चोख. राज्यसंस्था कोणाला आपला म्हणते, ते येथे दिसते.

दुहेरी नागरिकत्वाचे पुरस्कर्ते म्हणतात की परदेशस्थांचे देशाशी नाते टिकावयाचे तर त्यांना येथलेही नागरिकत्व द्यावे. २०११ ते २०२२ या काळात १६ लाखांहून अधिक भारतीयांनी नागरिकत्व सोडले, एकट्या २०२२ साली २,२५,६२० जणांनी, हे आकडे ते पुढे करतात. परंतु आखाती देशांत राबणारा मजूर दशकानुदशके एकाच, भारतीय पारपत्रावर राहून घरी पैसे पाठवीत आला आहे. तेथले नागरिकत्व त्याला कोणी देऊ केलेले नाही. नाते दुसऱ्या पारपत्राने टिकत नाही. जेथे कर भरतो, जेथे कायद्याचे बरेवाईट परिणाम भोगतो, तेथे मत असावे, ही लोकशाहीची साधी रीत आहे. ज्याला संकट येताच दुसरे पारपत्र काढून निघून जाता येते, त्याने येथे राहणे भाग असलेल्यांच्या भवितव्यावर मतदान करावे, हे समतेत बसत नाही.

नागरिकत्व रक्ताने नव्हे, वास्तव्याने आणि श्रमाने मिळवावयाचे असते, याचा धडा फलटणला बाहेर शोधावा लागत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी भारतात आल्या, फलटणच्या बोलीवर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि त्या फलटणच्याच झाल्या. जगात ज्या पारपत्राची सर्वाधिक असूया केली जाते त्या देशाच्या या कन्येने भारतीय नागरिकत्व स्वीकारले, आणि दलित-कष्टकरी वस्त्यांतील मुलांना वाचते-लिहिते करण्यासाठी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्या संस्थेच्या शाळेला नाव आहे कमला निंबकरांचे. त्याही जन्माने अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातील पहिली शाळा त्यांनी सुरू केली. या दोघींचा एकही पूर्वज या मातीतला नव्हता. त्यांच्या नागरिकत्वाचा पुरावा लिस्बनच्या वा कोणत्याही दप्तरात नव्हे, फलटणच्या वर्गखोल्यांत सापडतो.

म्हणून समाजवाद्यांची मागणी स्पष्ट असली पाहिजे. दुहेरी नागरिकत्वाची मागणी फेटाळावी. या भूमीवर जन्मलेल्या बालकाला नागरिकत्व देणारे मूळ तत्त्व कायद्यात परत आणावे. ज्या जमातींच्या नोंदी समाजाने आणि सरकारने ठेवल्या नाहीत, त्यांच्याकडून पूर्वजांचे कागद मागणे थांबवावे. शासनाने पालावर जाऊन चौकशी करावी, पुराव्याचा बोजा शासनावर असावा. आणि पोटासाठी परदेशी गेलेल्या मजुराला शिव्या देण्याऐवजी त्याच्या गावात काम उभे करावे.

या मागण्या ठरावात राहून उपयोगाच्या नाहीत. येत्या गळीत हंगामात उसाच्या फडांवर आणि पालांवर जाऊन, ज्यांच्यापाशी रेशनकार्ड नाही, जन्मदाखला नाही, जातीचा दाखला नाही, अशा कुटुंबांची गाववार यादी कार्यकर्त्यांनी करावी. आणि ती यादी घेऊन, त्या कुटुंबांसह, फलटणच्या तहसील कचेरीवर जावे.