नांदेडचं बीज, संभाजीनगरची सावली

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्याच नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि तीही रागवार लावलेली. शेजारच्या नांदेडात हुजूर साहिबच्या तख्तावर त्या ग्रंथातलं कीर्तन आजही चालतं. भक्ती आणि राग यांची सोयरीक मराठवाड्यात इतकी जुनी आहे.

याच नांदेडात १९३५ साली शास्त्रीय गायक आणि संगीतगुरू नाथराव नेरळकर जन्मले.

तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूतून चाले. १७ सप्टेंबर १९४८ ला हे संस्थान भारतात विलीन झालं, तेव्हा नाथराव वयानं जेमतेम पौगंडात होते. ख्यालगायकीच्या मोठ्या पेठा म्हणजे मुंबई, पुणे, मिरज, आणि तिन्ही या भागापासून दूर. पण गुरू शोधत त्यांना तिथवर जावं लागलं नाही. अण्णासाहेब गुंजकर नांदेडातच भेटले आणि त्यांच्याकडून तालीम मिळाली. आडबाजूच्या गावात आयुष्यभर मुलांचा आवाज घडवत बसणारे असे गुरुजी संगीताच्या इतिहासात चार ओळींपुरतेच उरतात. ते नसते तर पुढची पानंच लिहिली गेली नसती.

नाथरावांनीही मग गुरूचाच वसा घेतला. नांदेडहून ते संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत आले आणि सरस्वती भुवनच्या महाविद्यालयात संगीत शिकवू लागले. ही संस्था १९१५ सालची. निजामी अमलात मराठी मुलांच्या शिक्षणाची ज्योत तिनं तेवत ठेवली होती.

महाविद्यालयात गाणं शिकवणं ही अवघड गोष्ट. तासाची घंटा वाजते, पण षड्ज अजून लागलेला नसतो. वर्गातला एक मुलगा भजनी मंडळात टाळ धरून वाढलेला, तर दुसऱ्यानं तंबोरा पहिल्यांदाच पाहिलेला. अभ्यासक्रम दोघांना एकच, गळे मात्र वेगळे. अशा वर्गात बसून एकेकाचा सूर लावून घेणं हे मैफल मारण्याइतकंच मोठं काम आहे. नाथराव मैफलीही गाजवत. शास्त्रीय गायनाबरोबर नाट्यपदं आणि अभंग हेही त्यांच्या गाण्याचा भाग होते. मात्र मराठवाड्यात आदरानं त्यांचं नाव निघतं ते आधी गुरू म्हणून.

गाणं घरातही उतरलं. कन्या हेमा नेरळकर-उपासनी गायिका झाल्या, पुत्र जयंत यांनीही संगीताचीच वाट धरली. गायकाच्या घरी मुलांची तालीम वेळ ठरवून सुरू होत नाही. बाहेरच्या खोलीत शिष्याचे पलटे चाललेले असतात, ते आत अभ्यास करणाऱ्या मुलाच्या कानावर पडत राहतात.

२०१४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना जाहीर झाला, तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. उशीर झाला, हे म्हणायलाच हवं. पुण्या-मुंबईत राहिले असते तर दिल्लीला त्यांचं गाणं ऐकू यायला एवढी वर्षं लागली नसती. ते मराठवाड्यातच राहिले म्हणून इथल्या मुलांना घराजवळ गुरू मिळाला, आणि या भागाच्या दृष्टीनं तो लाभ कुठल्याही पुरस्काराहून मोठा आहे.

२८ मार्च २०२१ ला, होळीच्या दिवशी, ते संभाजीनगरातच गेले.

आता त्यांची शिकवणूक जपण्याचं काम या शहराचं आहे. गायकाच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं निदान सापडतात. वर्गातली शिकवणूक शिष्यांच्या वह्यांत आणि गळ्यात विखुरलेली असते. कोणती बंदिश कुणाला दिली, एखाद्या रागाची वाट कशी उलगडून दाखवली, हे सांगू शकणारे विद्यार्थी आज मराठवाड्यात ठिकठिकाणी शिकवत आहेत, गात आहेत. त्यांना एकेक करून बोलतं करावं, त्यांच्याकडून त्या बंदिशी गाऊन घ्याव्यात आणि जपून ठेवाव्यात. आकाशवाणीचं केंद्र इथंच आहे, सरस्वती भुवनही इथंच आहे. सुरुवात याच वर्षी करता येईल.