डेक्कन कॉलेज डेक्कनवर नाही!

आमच्या नातीला भाषाशास्त्रात एम.ए. करायला डेक्कन कॉलेजात प्रवेश मिळाला आणि समस्त नातेवाईक तिच्यासाठी खोली शोधायला लागले. कुणी म्हणे सदाशिव पेठ, कुणी नारायण पेठ. एका काकांनी तर "डेक्कन जिमखान्यावरच बघा, कॉलेज हाकेच्या अंतरावर!" असं ठणकावून सांगितलं. अहो, डेक्कन कॉलेज डेक्कनवर नाही, नदीपलीकडे येरवड्यात आहे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली ही संस्था १८६०च्या दशकातच तिकडे गेली. आपल्या मनातलं पुणं मात्र अजून पेठेतच अडकलंय :)

पेठेत आता स्पर्धा परीक्षेची मुलं दाटीवाटीने राहतात. अभ्यासिका, खाणावळी सगळं त्यांच्या वेळेनुसार. त्यांना ते सोयीचं आहे, हिला काय उपयोग? २०२४ साली येरवड्याचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, त्यामुळे डेक्कनहून थेट जाता येतं हे खरं. पण पुढे परत रिक्षा आलीच. एम.ए.ची मुलगी ग्रंथालयात संध्याकाळपर्यंत बसणार. घड्याळाकडे बघत बसणार असेल, तर कसला आलाय अभ्यास! वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तमच. नाहीतर चालत घरी येता येईल अशी खोली घ्यावी, लहान असली तरी चालेल.

"पण पेठेत आपली माणसं आहेत ना," हा शेवटचा मुद्दा. यावर मात्र मला राग येतो. पेठेतल्याच एका घरमालकांना आम्ही फोन केला. पहिला प्रश्न आडनाव. दुसरा, मांसमच्छी खाता का? भाडं तिसऱ्या क्रमांकावर. आमचं आडनाव त्यांना चाललं. मी फोन ठेवला तो ठेवलाच. तीस वर्षं शिकवलेल्या वर्गातल्या कितीतरी हुशार मुलींना याच प्रश्नानंतर "खोली गेली हो" असं ऐकावं लागलं असेल. त्या आपल्या नव्हत्या का? आणि भाषा शिकायला निघालेल्या पोरीने चार तऱ्हेच्या बोली कानावर पडतील अशा वस्तीत राहू नये, तर कुठे राहावं?

सुरक्षिततेची काळजी मलाही आहे. पण ती आडनावावरून कळत नाही. रात्री साडेआठला कॉलेजपासून खोलीपर्यंत स्वतः चालून बघावं. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, बायका रस्त्याने निवांत चालतायत का. उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं ते घरमालकाला नाही, शेजारणीला विचारावं. अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवून घ्यावा, ओळखीचा मालक असला तर नक्कीच.

असो. विश्रांतवाडीच्या बाजूला एक खोली नातीने आणि तिच्या मैत्रिणीने पाहून ठेवली आहे. काकांना अजून कळवायचंय. ते हा ब्लॉग वाचतात, तेव्हा कळलं असेलच.