तामलवाडीचा नाका आणि फ्रान्सचा दाखला

टोलविषयी कुणी तक्रार केली की एक ठरलेलं उत्तर मिळतं: परदेशात जाऊन बघा, तिथे किती मोजावे लागतात. हा दाखला बहुतेक वेळा फ्रान्सचा असतो. पॅरिसहून लियाँला मोटारीने जायचं, तर साधारण 460 किलोमीटरला चाळीस युरोंच्या आसपास टोल पडतो, म्हणजे जवळपास चार हजार रुपये. हा आकडा ऐकल्यावर सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीच्या नाक्याशी थांबलेल्या माणसाने गप्प बसावं, अशी अपेक्षा असते. मला हा आकडा मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

आधी पैशाचंच बघू. युरोचे रुपये करून तुलना होत नाही, ती मजुरीशी करावी लागते. फ्रान्समध्ये किमान वेतन नोव्हेंबर 2024 पासून ताशी 11.88 युरो होतं. म्हणजे पॅरिस-लियाँचा टोल ही तिथल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाची साडेतीन तासांच्या आतबाहेरची कमाई झाली. आपल्याकडे समृद्धी महामार्गावर एप्रिल 2025 पासून मोटारीला किलोमीटरमागे 2.06 रुपये पडू लागले. तेवढ्याच 460 किलोमीटरचे साडेनऊशे रुपये होतात. रोजगार हमीवर महाराष्ट्रात 2025-26 ला दिवसाची मजुरी 312 रुपये ठरली होती. तिकडे अर्धा दिवस, इकडे तीन दिवस. रोजगार हमीवरचा मजूर मोटारीतून फिरत नाही, हे खरं. पण तो काळी-पिवळीतून फिरतो, त्याच्या घरचा भाजीपाला पिकअपमधून जातो, आणि गाडीवाला टोल भाड्यात धरूनच आकडा सांगतो.

फ्रान्सचे लोक हा टोल निमूटपणे भरतात, हा समजही चुकीचा आहे. 2005-06 मध्ये तिथल्या सरकारने महामार्ग कंपन्यांमधला आपला हिस्सा सुमारे 14.8 अब्ज युरोंना खासगी समूहांना विकला, तेव्हापासून हा वाद धुमसतो आहे. 2018 च्या पिवळ्या जाकिटांच्या आंदोलनात लोकांनी टोलनाके अडवले, काही ठिकाणी जाळलेसुद्धा.

पण दाखला द्यायचाच असेल तर अर्धा देऊ नये. फ्रान्समध्ये 1955 च्या कायद्याने महामार्गांवर टोलची वाट मोकळी केली, तेव्हा टोल हा अपवाद धरला होता, नियम नव्हे. आजही टोलच्या रस्त्याला बहुतेक ठिकाणी जुन्या राष्ट्रीय मार्गाची बिनटोल सोबत असते. वेळ वाचवायचा असेल त्याने पैसे मोजावेत, पैसे वाचवायचे असतील त्याने गावागावांतून हळू जावं. ब्रिटनी प्रांतात तर टोलच नाही. धाराशिवमध्ये काय झालं? सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीकडे जाणारा जुना रस्ताच रुंद झाला आणि त्याचा राष्ट्रीय महामार्ग 52 बनला. ज्या रस्त्याने आमचे आजोबा बैलगाडीने गेले, त्याच रस्त्यावर नाका बसला. रेल्वेने जावं म्हटलं, तर सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाची पायाभरणी जानेवारी 2019 मध्ये झाली, तुळजापूरच्या माणसाला त्या गाडीत अजून बसायला मिळालेलं नाही. ज्याला दुसरी वाटच नाही, त्याच्याकडून सोयीचा मोबदला घेतो म्हणणं हे न्यायाचं नाही.

याहून मोठा फरक आकारणीच्या पद्धतीत आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चाच होत नाही. फ्रान्सच्या बहुतेक टोलमार्गांवर चढताना नोंद होते, उतरताना हिशेब होतो. जेवढं अंतर कापलं तेवढेच पैसे. समृद्धीवरही हीच रीत आहे. सोलापूर-येडशी टप्पा मात्र साधारण शंभर किलोमीटरचा, आणि त्यावर तामलवाडी व येडशी असे दोन नाके. नाका ओलांडला की त्या नाक्याच्या वाट्याला आलेल्या सगळ्या लांबीचा टोल. काटी-सावरगाव पट्ट्यातला शेतकरी माल घेऊन सोलापूरच्या बाजार समितीत जातो, तेव्हा तो या टप्प्याचा एक तुकडाच वापरतो आणि पैसे त्याहून कितीतरी लांबीचे भरतो. उलट तुळजापूरहून धाराशिवला त्याच चौपदरी रस्त्याने येणारा एक पैसाही देत नाही, कारण मध्ये नाका नाही. म्हणजे टोल तुम्ही किती रस्ता वापरला यावर ठरत नाही, तुमचं गाव नाक्याच्या कुठल्या बाजूला आहे यावर ठरतो.

यावर सांगितलं जातं की स्थानिकांना सवलत आहे. ती आहे, पण कुणाला हे पाहा. 2008 च्या शुल्क नियमांप्रमाणे नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला महिन्याचा पास मिळतो, पण तो खासगी वापराच्या गाडीला. मालवाहू गाडीला निम्म्या दराची सूट आहे, ती जिल्ह्यात नोंदलेली असेल तर. धाराशिवच्या एमएच-25 ची पिकअप असली तर निम्मा टोल, आणि तीच सोलापूरच्या एमएच-13 ची भाड्याने आणली तर पूर्ण. कांदा त्याच वावरातला, अंतर तेवढंच. 15 ऑगस्ट 2025 पासून तीन हजारांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास आला. तेव्हा फेरीला पंधरा रुपये पडत होते, सोय चांगली आहे. पण तीही फक्त खासगी मोटार, जीप आणि व्हॅनला. ज्याच्या दारात मोटार आहे त्याला दिलासा मिळाला, आणि ज्याच्या पट्टीतून गाडीभाडं वजा होतं त्याचा विचार कुणी केला नाही.

आता दुसऱ्या बाजूचाही समाचार घेतला पाहिजे. गाडी घेताना कर भरला, डिझेलवर रस्त्यासाठीचा उपकर भरतो, मग टोल कशाला, सगळे नाके उखडा, अशी मागणी आमच्याकडे दर निवडणुकीला होते. तिच्यातला राग खरा आहे, पण हिशेब कच्चा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मोटारवाल्यांनी आनंद केला. पण ठेकेदाराचं उत्पन्न बुडालं की भरपाई राज्याच्या तिजोरीतून जाते, आणि त्या तिजोरीत भूम-परंड्याचा मजूरही काडेपेटीपासून चपलेपर्यंतच्या प्रत्येक खरेदीवर कर भरतो. वाशीच्या खाडीपुलावरून जन्मात न गेलेल्या माणसाने तिथल्या मोटारीचा टोल का भरावा? चांगला रस्ता फुकट होत नाही, आणि जो वापरतो त्याने वापराइतकं द्यावं, या तत्त्वाला माझा विरोध नाही.

किंबहुना माझी तक्रार हीच आहे की हे तत्त्व पाळलं जात नाही. वापराइतकं घ्यायचं तर अंतराप्रमाणे घ्या. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने नियमांत बदल करून उपग्रहाधारित यंत्र बसवलेल्या गाडीला रोजचे पहिले 20 किलोमीटर मोफत ठरवले. ही तरतूद तामलवाडीसारख्या नाक्यासाठीच केल्यासारखी आहे. पण ते यंत्रच सर्वसामान्य गाडीपर्यंत पोचलं नाही, म्हणून नियम कागदावर राहिला. तोवर 20 किलोमीटरच्या आतल्या शेतमालाच्या गाडीला, तिची पाटी कुठल्याही जिल्ह्याची असो, पासच्या दरात सोडायला काय हरकत आहे?

आणि रस्ता पुरा झाल्याशिवाय पुरा टोल नको. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग-उमरगा पट्ट्यात चौपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं रखडलं, आणि फुलवाडी, तलमोडचे नाके मात्र पैसे घेत राहिले. केरळात त्रिचूरजवळच्या पालियेक्करा नाक्यावर अशीच स्थिती होती. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने वसुली थांबवली, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्या न्यायालयानेही स्थगिती उठवायला नकार दिला. ऑक्टोबरमध्ये वसुली पुन्हा सुरू झाली, ती अटी घालून. जे त्रिचूरच्या माणसाला मिळालं, ते उमरग्याच्या माणसाला मागता येतं.

हे सगळं आत्ता बोलायचं कारण नियोजित शक्तिपीठ महामार्ग. तुळजाभवानीच्या नावाने तो आमच्या धाराशिव जिल्ह्यात येणार आहे आणि त्यावरही टोल असणार आहे. ज्यांची काळी जमीन त्यात जाईल, त्यांच्या गावाला चढायला-उतरायला जागा कुठे, किलोमीटरमागे दर किती, जुना रस्ता बिनटोल आणि दुरुस्त राहील का, हे करारात लिहून घ्यायला हवं, आणि तेही करारावर सही होण्याआधी. कोल्हापूरकरांना शहरातल्या रस्त्यांचा टोल घालवायला वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरावं लागलं. तो गेला, पण तेव्हा करार होऊन बसला होता, आणि कंपनीची कोट्यवधींची भरपाई राज्याला द्यावी लागली.