कबर कच्ची असू द्या, नोंद पक्की ठेवा

‘मुसलमानांनी देशासाठी काय केलं?’ असं कुणी विचारलं की आपण ठरलेली दोन नावं घेतो : ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान आणि हवालदार अब्दुल हमीद. दोघेही उत्तर प्रदेशचे. मग मराठवाड्याचे सैनिक कुठे गेले? ते इथल्याच मातीत आहेत. कुठल्या कब्रस्तानात, कुठल्या ओळीत, हे मात्र सांगता येत नाही. आणि याचा दोष फक्त सरकारवर ढकलून चालणार नाही.

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या मरहूम माजी सैनिकाचा माग काढायला बसा. घरात डिस्चार्ज बुक सापडलं तर नशीब. त्यावरच्या सेवा क्रमांकावरून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. ते हरवलं की उरतं फक्त नाव, आणि नावाचा भरवसा नाही. उर्दूतला एकच महबूब मराठीत महेबूब, मेहबूब, महबुब होतो. इंग्रजीत शेख हा शब्द ‘एस’ आणि ‘के’ या दोन अक्षरांत उरकतात. पुढचा कारकून ती आद्याक्षरं समजतो आणि शेख महबूबचा ‘एस. के. मेहबूब’ होतो. कागदावर तो आता दुसराच माणूस.

मग वर्तमानपत्रं. मराठी निधनवार्तेत पश्चात पत्नी, मुलं, नातवंडं असतात. ‘माजी सैनिक’ हे दोन शब्द असले तर आपण खूश व्हायचं, पलटण क्वचितच असते. उर्दू अखबारातल्या इंतिकालच्या खबरेत जनाज्याच्या नमाजची वेळ आणि कब्रस्तानाचं नाव मिळतं. म्हणजे कुठे शोधायचं ते कळतं. पण ती खबर वाचणार कोण? आजोबांची भाषा नातवाला येत नाही. निजामी काळच्या कागदावर तर साल फसली असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास हाती येतं, एवढंही आपण मुलांना सांगितलेलं नाही.

शेवटी कब्रस्तान. तिथे दगड नाही. कुणी म्हणतं, शरियतमध्ये पक्क्या कबरीला मनाई आहे. मान्य. पण हदीसमध्ये हेही आहे की उस्मान इब्न मज़ऊन यांच्या कबरीच्या उशाशी पैगंबर साहेबांनी (स.) ओळखीसाठी स्वतः दगड ठेवला होता. दिखाव्याला मनाई आहे, ओळखीला नाही. आणि रजिस्टर ठेवू नका, असं कुठल्या किताबात लिहिलंय? उलट १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने दफनभूमीच्या व्यवस्थापकावरही मृत्यू कळवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. कमानीसाठी चंदा जमतो, पण शंभर पानी वहीसाठी मुतवल्लींना वेळ मिळत नाही!

ही हौसेची गोष्ट नाही. सैनिकाच्या विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मागायचं तर मृत्यूचा दाखला लागतो. नोंद वर्षभर राहून गेली की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय ती होत नाही. म्हातारी बाई तालुक्याच्या फेऱ्या मारते आणि कब्रस्तान कमिटी म्हणते, ‘याद नहीं.’

आता सरकारकडे वळू. जुने उर्दू दस्त शोधणं अवघड आहे, हे आता कुणी सांगू नये. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतले निजामकालीन कागद बाहेर निघाले, उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची मदत घेतली गेली. चांगलं झालं. जे कुणबी नोंदींसाठी जमलं, ते सैनिकांसाठी का जमू नये? राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत महायुद्धांतल्या मृत सैनिकाचं नाव घरबसल्या शोधता येतं, अनेकदा वडिलांचं नाव आणि गावही सापडतं. पण ती यादी ३१ डिसेंबर १९४७ ला थांबते. त्यानंतर गावी येऊन खाटेवर वारलेला सैनिक तिथे नाही. लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधीचा शोध उस्मानाबादेत, आणि १९५६ पूर्वीचा हैदराबादपर्यंत जातो. सामान्य माणसाने किती दारं ठोठवायची?

निजामाच्या नियमित फौजेत गेलेल्यांचं तर नाव काढायलाच आपण कचरतो. कासिम रझवी लातूरचा वकील, त्याच्या रझाकारांनी केलेल्या अत्याचारांची सफाई देण्याचं कारणच नाही. पण निजामाच्या फौजेतला प्रत्येक शिपाई रझाकार नव्हता. पहिल्या महायुद्धात हैदराबाद लान्सर्स पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक त्यांची. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौज मलायात उतरली, तेव्हा कोटा भारूच्या विमानतळाच्या राखणीला हैदराबादची पलटण होती. त्यांच्यातले जे परतले, ते कुठे पुरले गेले?

मोठ्या नावाची कबर सांभाळली जाते. डिसेंबर २०२० मध्ये जामियाच्या कब्रस्तानातली ब्रिगेडियर उस्मान यांची कबर फुटलेली दिसली. बातमी झाली आणि लष्कराने ती दुरुस्त केली. आपल्या शिपायासाठी बातमी कोण करणार?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक कब्रस्तान कमिटीने एक वही घालावी : उर्दू आणि मराठी दोन्ही लिपींत नाव, वडिलांचं नाव, गाव, तारीख, ओळ, सैनिक असेल तर सेवा क्रमांक आणि पलटण. दर महिन्याला तिची प्रत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत द्यावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने आपली यादी या वह्यांशी ताडून पाहावी. उर्दू शाळांतल्या आठवी-नववीच्या पोरांना सुट्टीत जुन्या इंतिकालच्या खबरा मराठीत उतरवायला बसवा. भाषा शिकतील आणि आजोबाही सापडतील.

टीव्हीवरच्या प्रश्नाला उत्तर म्हणून हे करायचं नाही. त्यांना उत्तर नकोच असतं. आपल्या माणसाच्या कबरीवर फातिहा पढायला उभं राहताना आपण योग्य जागी उभे आहोत, एवढी खात्री असावी म्हणून करायचं. येत्या जुम्म्याला आपल्या मुतवल्लींना एकच विचारा : वही कुठे आहे?