विसावा भाग

आवडत्या मालिकेतील शेवटचे पुस्तक वाचून संपविले म्हणजे मुलांस जी खिन्नता येते, तिला घरातील वडील मंडळी बहुधा हसतात. "एक पुस्तक संपले तर दुसरे घ्यावे, त्यात तोंड पाडून बसण्यासारखे काय आहे?" हा प्रश्न आम्हांसही एके काळी ऐकावा लागला होता. त्या वेळी उत्तर सुचले नाही. आज तीस-बत्तीस वर्षांनंतर ते देण्याचा आमचा विचार आहे. बालवाचकांनी, व त्यांच्याहूनही त्यांच्या पालकांनी, ते ऐकून घ्यावे अशी विनंती आहे.

आमचे बालपण हिंदमाता चित्रपटगृहाच्या आसपासच्या एका चाळीत गेले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने परळ-लालबागच्या घराघरांतून जी ओढाताण सुरू केली, ती आम्ही वाचू लागलो तेव्हाही सरली नव्हती. पगाराच्या तारखेची वाट पाहणे ज्या घरांनी सोडून दिले होते, त्या घरांत गोष्टीची पुस्तके विकत घेण्याचा विषय कोण काढणार? सबब आम्ही चौघा मित्रांनी खाऊचे पैसे एकत्र करून जवळच्या एका लहानशा वाचनालयाची एकच वर्गणी भरली. एका वेळी एक पुस्तक मिळे. ते सात दिवसांत परत करावयाचे आणि तेवढ्यात चौघांनी वाचावयाचे, असा नियम होता. पुष्कळदा चौघांची डोकी एकाच पानावर असत. आणि सर्वांत सावकाश वाचणाऱ्याने "उलट" म्हणेपर्यंत पान उलटावयाचे नाही, अशी शिस्त होती.

ती पुस्तके म्हणजे भा. रा. भागवत यांची 'फास्टर फेणे' ही मालिका. फुरसुंगी गावचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकावयास येतो. अंगाने काडीसारखा, पण पायांत वारा भरलेला. सायकलीवर बसला की कोणास सापडत नाही, आणि काही विलक्षण दिसले की जिभेने 'ट्टॉक' असा आवाज काढतो. त्याचा मित्र सुभाष देसाई हा वाचकासारखाच, मागून धापा टाकीत येणारा. प्रतापगड झाला, काश्मीर झाले, 1962 च्या चीनबरोबरच्या युद्धाच्या धामधुमीतही ही स्वारी जाऊन पोहोचली! संकटातून सुटण्याच्या त्याच्या युक्त्या कधी कधी फारच सोयीच्या असतात, आणि चोरांस नेमके त्याच्याच वाटेने जाण्याची बुद्धी कशी होते हे एक कोडेच आहे, हे आम्ही आज मान्य करतो. त्या वेळी मात्र असे म्हणणाऱ्याशी आम्ही भांडलो असतो.

पुस्तके क्रमाने मिळत नसत. जे कपाटात असेल ते घ्यावयाचे. अशा रीतीने दीड वर्षात एकोणीस भाग झाले. विसावा तेवढा राहिला.

आणि याच सुमारास आमच्यातील एक मित्र आम्हांस सोडून गेला. त्याच्या वडिलांस गिरणीने पुन्हा कामावर घेतले नव्हते. अखेर ते कुटुंब सातारा जिल्ह्यातील आपल्या गावी जावयास निघाले. वास्तविक आम्हा सर्वांत खरा वाचक तोच. 'ट्टॉक' हा आवाज हुबेहूब त्यालाच काढता येई. एस. टी. च्या गाडीत बसताना त्याने आमच्याकडून वचन घेतले, की दिवाळीत तो येईपर्यंत विसावा भाग कोणी उघडावयाचा नाही. आम्ही वचन दिले व ते पाळलेही. दोनदा तो भाग कपाटात दिसला आणि दोन्ही वेळा आम्ही दुसरेच पुस्तक घेऊन परतलो. दिवाळी आली, तो आला नाही. शिमगाही होऊन गेला.

पुढच्या पावसाळ्यात हिंदमातेस पाणी भरले. त्यात नवल काहीच नव्हते. ती जागाच बशीसारखी खोलगट, चहूंकडचे पाणी तेथे येऊन बसावयाचे. (पुराचे पाणी साठविण्यासाठी जमिनीखाली मोठाल्या टाक्या आता अलीकडे बांधल्या गेल्या आहेत, तेव्हा तसले काही नव्हते.) त्या दिवशी पाणी वाचनालयात शिरले. दुसऱ्या सकाळी आम्ही गेलो तो खालच्या दोन फळ्यांवरील पुस्तके फुगून एकमेकांस चिकटलेली, आणि ग्रंथपाल ती एकेक करून दोरीवर वाळत घालीत आहेत! विसावा भाग वरच्या फळीवर होता म्हणून वाचला. तो कोरडा आहे हे पाहताच आमच्या मनात आले, की पुन्हा पाणी आले तर हा कोणासच वाचावयास मिळणार नाही. हे कारण खरे होते, की आम्हांस हवे होते म्हणून सापडले, याचा निकाल आमचा आम्हांस अद्याप लावता आलेला नाही.

जिन्यावर बसून आम्ही तिघांनी तो वाचला. शेवटची पाने आम्ही मुद्दाम सावकाश वाचली. पान संपले तरी "उलट" म्हणावयास कोणी तयार होईना. संपल्यावर पाहतो तो निरोप नाही, समारोप नाही. बनेश आपला पुढच्या उचापतीस मोकळाच. तेव्हा एकविसावा भाग येणारच, असे आम्ही धरून चाललो. आणि तो मात्र चौघांनीच वाचावयाचा, असे ठरवून मनाची टोचणी भागविली. मित्रास पत्र लिहिले, त्यात पावसाचे सर्व वर्णन केले. पुस्तकाचे नाव काढले नाही.

तो एकविसावा भाग आला नाही. 27 ऑक्टोबर 2001 रोजी भागवत वारले. आम्ही तेव्हा नोकरीधंद्यास लागलो होतो. ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या लेखी ती मालिका खरोखर संपली. कॉनन डॉइल यांनी 1893 साली शेरलॉक होम्सला धबधब्याच्या दरीत लोटले आणि वाचकांच्या आग्रहास्तव 1903 साली त्याला परत आणले. आमच्या नायकास कोणी दरीत लोटलेच नव्हते, मग परत कोठून आणावयाचे? पुढे 2017 साली, भागवतांच्या स्मृतिदिनीच, 'फास्टर फेणे' चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात थोराड झालेला बनेश अमेय वाघ यांनी रंगविला असून दिलीप प्रभावळकर हे स्वतः भागवतांच्या भूमिकेत आहेत. चित्रपट आम्हांस आवडला. पण लेखक व नायक समोरासमोर येतात तेव्हा आम्ही पडद्याकडे पाहण्याऐवजी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होतो.

आता पालकांस दोन शब्द. या मालिकेचा विसांचा संच एकदम विकत आणून मुलापुढे ठेवणारे पालक आम्ही पाहतो. त्यांचे प्रेम आम्ही जाणतो, परंतु आठ दिवसांत संच फस्त झाल्यावर "आता पुढचे कोणते?" असे ते लगेच विचारतात, ते आम्हांस पसंत नाही. आम्ही थांबत होतो ते पैसे नव्हते म्हणून. त्या दारिद्र्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. आमच्या मित्रास गावी जावे लागले नसते, तर ही हकीकत सांगावयास उरली नसती आणि आम्हांस ते अधिक आवडले असते. आमचे म्हणणे एवढेच, की वीस पुस्तके ज्याच्या संगतीत काढली त्याला सोडताना मुलास वाईट वाटत असेल, तर दोन दिवस वाटू द्यावे. नवे पुस्तक पुढे करून ते दडपू नये आणि त्याची थट्टा तर मुळीच करू नये.

आमच्या घरात सध्या एक दहा वर्षांचा वाचक आहे. त्याचे एकोणीस भाग होऊन तीन आठवडे झाले. विसावा त्याच्या वह्यांच्या खाली आहे. शाळेत चाचणी परीक्षा चालू आहे, असे कारण तो सांगतो. परीक्षा मागच्या सोमवारीच संपली, हे आम्हांस ठाऊक आहे.