मूठभर वाळूचा वारसा

ज्या गाडीत बसून माणूस कोठेच जात नाही, तिच्या तिकिटापायी एवढी रक्कम खर्ची घालण्यात शहाणपण कितपत आहे, असा प्रश्न दार्जिलिंगच्या मुक्कामी आमच्या सौभाग्यवतींनी केला, आणि समर्पक उत्तर मजपाशी नसल्यामुळे मी नेहमीप्रमाणे मौनाचा आश्रय घेतला. वाफेच्या इंजिनाची ही सहलगाडी दार्जिलिंगहून निघते, बतासियाच्या वळशावर अंमळ थांबते, घूमला विसावते आणि दोनएक तासांत उतारूंना जेथल्या तेथे आणून सोडते.

वास्तविक या रुळांचा जन्म चैनीसाठी झालेला नाही. सिलिगुडीचा तांदूळ बैलगाडीने दार्जिलिंगला पोचेपर्यंत दुपटीहून महाग होई, हा हिशेब फ्रँकलिन प्रेस्टेज या रेल्वे-अधिकाऱ्याने सरकारदरबारी मांडला, मंजुरी मिळविली, १८७९ मध्ये काम आरंभले आणि १८८१ मध्ये गाडी दार्जिलिंगला आणली. रुळांतले अंतर अवघे दोन फूट. वाट बहुतेक जुन्या गाडीरस्त्याच्याच कडेची. आणि जेथे चढ असह्य झाला तेथे कोठे वळसा घालून, कोठे गाडी मागे ढकलून पुन्हा पुढे काढीत, बोगद्यावाचून आणि दातेरी रुळावाचून, तिने घूमची ७,४०७ फुटांची उंची गाठली. आता तांदूळ मालमोटारी आणतात. गाडीकडे उरली आहे ती आमच्यासारख्यांची हौस.

ही हौस पुरविण्यास किती हात राबतात, हे मात्र या इंजिनात झाकलेले राहत नाही. चालक आणि आगवाला यांखेरीज एक इसम कोळशाच्या ढिगावर बसून हातोडीने ढेकळे फोडीत असतो, आणि अगदी पुढच्या फळीवर, वारा आणि धुके अंगावर घेत, दोघे जण ओल्या रुळांवर मुठीने वाळू सोडीत असतात. कारण दवाने वा पावसाने रूळ निसरडा झाला की एवढी वाफ कोंडलेले इंजिनही जागच्या जागी चाके फिरवीत राहते. आमचे सहप्रवासी छायाचित्रे घेताना या दोघांना ‘जरा बाजूला व्हा’ अशा खुणा करीत होते, आणि डोळ्यांत गेलेली कोळशाची कणी चोळता चोळता मला त्या खुणांची लाज वाटत होती.

१९९९ मध्ये युनेस्कोने या मार्गास जागतिक वारशाची सनद दिली, हे योग्यच झाले. परंतु वारसा म्हणजे नेमके काय जतन करावयाचे, याचा निर्णय सनदेने होत नसतो. आमच्या नेरळ-माथेरानच्या दोन फुटी रुळांवरील वाफ गेल्या शतकाच्या नवव्या दशकात निमाली, आणि तिच्या इंजिनांपैकी एक नेरळला शोभेसाठी उभे आहे. लोखंड शाबूत आहे. त्यास चढावर नेण्याची विद्या ज्यांच्या अंगी होती, ते हात मात्र निवृत्त झाले. दार्जिलिंगची शंभरी ओलांडलेली इंजिने अद्याप चढ चढतात, कारण तिनधरियाच्या कारखान्यात बाजारात न मिळणारे सुटे भाग घडविणारे कारागीर आहेत. म्हणून माझे मत असे, की सहलीच्या उत्पन्नातून रंगरंगोटी आणि स्वागतकमानी यांवर खर्च करण्याआधी उमेदवारांना या कामात तयार करण्याची तजवीज व्हावी.

हे मत मला सुचले ते घूमच्या अलीकडच्या चढावर. चाके घसरली, गाडी अडखळली, आणि पुढच्या फळीवरील पिकल्या केसांच्या गृहस्थाने शेजारच्या पोराचे मनगट धरून, मूठ किती उघडावी आणि वाळूची धार कोठे पडावी, हे एक शब्दही न उच्चारता दाखविले. दुसऱ्या खेपेस पोराने एकट्यानेच मूठ सैल केली, आणि गाडी चालू लागली. तिकिटाचे पैसे वसूल झाले, असे मी सौभाग्यवतींना सांगितले. त्या त्या पोराकडेच पाहत होत्या.

— पांथस्थ